पाण्यापल्याडच्या पोरींची पाचवी

मे महिन्याची सुट्टी संपली की आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या खोलीतला पहिला आठवडा प्रवासाच्या गप्पांचा असतो. अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये कुणी उटीहून आलं होतं, कुणी सासूबाईंना काशी घडवून आणली होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी मुळशीला गेले होते."

"धरण बघायला?"

"नाही. पाचवीसाठी मुली गोळा करायला."

सगळ्या हसल्या आणि विषय उटीवर गेला. मीही पुढे काही बोलले नाही. चार दिवसांत जे पाहिलं ते चहाच्या कपाबरोबर सांगून टाकावं असं नव्हतं. आता निवांतपणे लिहिते आहे.

सुरुवात एका पोस्टकार्डाने झाली. एप्रिलमध्ये ते मुख्याध्यापिकाबाईंच्या नावे आलं. अक्षर टपोरं होतं आणि मजकूर दोनच ओळींचा. "आमच्याकडे पाचवीला मुली मिळतील, पण पुस्तके नाहीत. जुनी असतील तर द्यावीत." खाली सही, रशीदा मणेर, मुक्काम पौड. बाईंनी विद्यार्थिनींकडून जुनी पुस्तकं गोळा केली, त्यांचे दोन गठ्ठे बांधले आणि माझ्याकडे पाहिलं. मी एकटी, मागे घरचा व्याप नाही. त्यामुळे अशी कामं माझ्याकडेच येत.

पौड

एसटीने बावधन मागे टाकलं की पुणं संपतं. दोन्ही बाजूंना भाजून काढलेली भातखाचरं, मध्येच एखादं आंब्याचं झाड, आणि लांबवर सह्याद्रीची निळसर रांग. पौडच्या थांब्यावर उतरले तर समोर एक सडपातळ मुलगी उभी होती. पाचवारी साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पायात चपला नाहीत. काही बोलायच्या आधी तिने एक गठ्ठा डोक्यावर घेतला आणि दुसरा काखेत मारला.

"बाई, तुमी नुसतं चला. मी रशीदा."

मला वाटलं होतं, पोस्टकार्ड लिहिणारी कुणी प्रौढ बाई असेल. ही एकोणीस वर्षांची होती.

तिचं घर बाजाराच्या मागच्या आळीत होतं. वडील बांगड्यांचे व्यापारी. पाठीवर बांगड्यांचं ओझं घेऊन मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर हिंडायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. वडिलांचे गुडघे धरल्यापासून हिंडणं रशीदाकडे आलं होतं. तिची आई, जिला ती अम्मा म्हणायची, ठेंगणी आणि मोजकं बोलणारी. तिने मला बसायला पाट दिला आणि पितळी पेल्यात पाणी आणून दिलं.

इथे एक गोष्ट लपवणार नाही. मी शिकलेली, सभांमधून समतेवर भाषणं ऐकून टाळ्या वाजवणारी. तरी तो पेला ओठाशी नेताना माझा हात क्षणभर थांबला. अम्माच्या ते लक्षात आलं. तिने नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे मला अवघडल्यासारखं होऊ नये. मी पाणी प्यायले, पण तो क्षण पाण्याबरोबर खाली उतरला नाही.

दुपारी रशीदा मला जवळच्या एका वस्तीवर घेऊन गेली. तिथे मी तिचं काम पाहिलं. ती ओसरीवर ओझं सोडते, बायका भोवती जमतात, एकेक जण हात पुढे करते. हात साबणाने मऊ करून, बोटं एकत्र दाबून बांगडी चढवायची, तर एका हाताला बराच वेळ जातो. तेवढा वेळ ती बाई उठू शकत नाही. रशीदा बोलते ते तेव्हा.

"काकी, तुमची शेवंता चौथी पास झाली नव्हं? मग आता?"

"आता काय. घरीच."

"का वो?"

"शाळा लांब हाय. वाटंत ओढा हाय. आन् धाकट्याला कोन बघंल?"

"आखडू नका हात, बांगडी फुटंल. धाकट्याला तुमची जाऊ बघती की. तिच्या पोराला तुमी न्हाई बघत?"

जाऊ पलीकडेच बसली होती. ती हसली. "बघीन की. मला इचारलं कुनी?"

पुण्यात आम्ही पालकसभा भरवतो, चिठ्ठ्या पाठवतो आणि पालक आले नाहीत म्हणून हळहळतो. इथे एक मुलगी पालकांचा हात हातात घेऊन बोलत होती, आणि समोरची बाई मान वळवूनसुद्धा निसटू शकत नव्हती. त्या दुपारी शेवंताचं नाव तिच्या वहीत गेलं.

परतताना मी विचारलं, "हे तुझ्या डोक्यात कुठून आलं?"

ती म्हणाली, "चौथीत माज्या शेजारी यमी बसायची. गणितात तिचा हात कुनी धरत नव्हतं. मी तिचं बघून लिवायची. अब्बांनी मला पुढं धाडलं, मी मॅट्रिक झाले. यमी गेल्या महिन्यात तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तिला बांगड्या भरल्या. ती म्हनली, रशे, अपूर्णांक कसं असतं गं?"



पाण्यावर

दुसऱ्या दिवशी धरणावर गेलो. मे महिन्यात मुळशीचं पाणी ओसरतं आणि काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडतात. तरी मधलं पाणी इतकं रुंद आणि निश्चल की डोंगर त्यात उलटे झोपल्यासारखे दिसत होते. मी खडकावर बसून कितीतरी वेळ बघत राहिले. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावं या पाण्याखाली गेली आणि माणसं वर सरकून डोंगराच्या उतारावर राहिली, हे रशीदाने सांगितलं तेव्हा त्या देखण्या पाण्याकडे पूर्वीसारखं बघता येईना.

आम्हाला जायचं होतं ती वाडी पलीकडच्या उतारावर होती. तिथे चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा. पाचवीचा वर्ग अलीकडच्या काठावरच्या गावात. मधे पाणी. त्या वर्षी वाडीतल्या पाच मुली चौथी पास झाल्या होत्या, आणि त्यांना रोज होडीने अलीकडे आणायचं, असं रशीदाने ठरवलं होतं. होडीवाला नामदेव सकाळी दूध घेऊन येतच असे. तो मुलींना आणायला कबूल झाला होता. आता फक्त वाडीचा होकार हवा होता.

होडीत नामदेव, आम्ही दोघी, बांगड्यांचं ओझं आणि पुस्तकांचा एक गठ्ठा. पलीकडचा काठ दिसू लागला. वाडीतली माणसं धुणं धुवायला, गुरांना पाणी पाजायला काठावर आली होती. मी हात वर करून हलवला. तेवढ्यात होडीच्या तळाला काहीतरी करकरून घासलं, होडी एका अंगावर कलली आणि माझ्या पायाशी गार पाणी आलं.

"भिंत लागली," नामदेव म्हणाला. "जुन्या गावाची. पानी उतरलं की वर येती."

तळाची फळी निसटली होती. मी दोन्ही हातांनी कड धरून बसले. रशीदाने माझ्याकडे पाहिलं, पदर कमरेला आवळला आणि ती पाण्यात उतरली.

ती बुडाली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. तिचे पाय त्या बुडालेल्या भिंतीवर टेकले होते. एका हाताने होडी धरून तिने दुसरा हात माझ्यापुढे केला. "बाई, माज्या पावलाला पाऊल लावा. खाली बघू नका."

भिंत हातभर रुंद असेल. दोन्हीकडे पाण्याचा रंग काळसर होता. कुणाच्या तरी घराच्या, कुणी राबून रचलेल्या त्या भिंतीवरून मी एकेक पाऊल टाकत तिच्यामागे गेले. मला उथळ पाण्यात सोडून ती पुन्हा मागे फिरली आणि पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन आली. बांगड्यांसाठी पुन्हा वळली तोवर होडी कलंडली होती. नामदेव पोहत काठाला लागला. बांगड्या तळाला गेल्या.

काठावर बसून मी पदर पिळत होते. रशीदा पुस्तकं सुटी करून दगडांवर वाळत घालत होती.

"तुला पोहता येतं म्हणून बरं झालं," मी म्हटलं.

"कुटं येतंय बाई," ती म्हणाली आणि पुस्तकाचं पान सरळ केलं.

पडवीत

हे सगळं अख्ख्या वाडीने पाहिलं होतं. हिरा नावाच्या मुलीच्या आईने आम्हाला कोरडी लुगडी नेसायला दिली आणि तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं वाढलं. हिरा अकरा वर्षांची, चौथीत पहिली आलेली, मोठ्या डोळ्यांची. ती एका कोपऱ्यात बसून ओल्या भूगोलाचं पान फुंकर घालून सोडवत होती.

उन्हं कलल्यावर पडवीत माणसं जमली. हिराचे आजोबा, कोंडिबा, वाडीतले जाणते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि मग म्हणाले, "पोरी, बघितलंस नव्हं?"

"बघितलं, आबा."

"आज तू व्हतीस. उद्या पाच पोरी असत्या आन् तू नसतीस, तर?"

मला वाटलं, आता ही समजूत घालेल. होडी दुरुस्त होईल, नामदेव वाट बदलेल, असं काहीतरी सांगेल. मी तिच्या जागी असते तर तसंच केलं असतं. वर्षभराची तिची खटपट त्या एका फळीवर होती.

रशीदा म्हणाली, "तुमचं बरोबर हाय आबा. माजंच चुकलं. होडी धोक्याची हाय. पोरी होडीत बसायच्या न्हाईत."

पडवीत कुजबुज झाली. वाद घालायला बसलेल्या माणसांपुढचा वादच तिने उचलून नेला होता. हिराची आई दाराआडून बघत होती. तिचा चेहरा पडला. हिराने हातातलं पान खाली ठेवलं.

"मग मिटलं," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई मिटलं," रशीदा म्हणाली. "पौडात पाचवी हाय. पोरी माज्या घरी ऱ्हातील. सणासुदीला, सुट्टीला मी पाण्याला वळसा घालून चालत आनून सोडीन, चालत न्हेईन."

मागून एक आवाज आला, "मणेराच्या घरी?"

"व्हय. मणेराच्या घरी."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली, काठी घेतली आणि उठून गेले. त्यांच्यामागे एकेक जण उठला. पडवी रिकामी झाल्यावर रशीदा खांबाला टेकून बसली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, आणि पाण्यातली भीती तिला आत्ता कुठे जाणवते आहे हे मला कळलं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

पाण्याला वळसा

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर पायवाटेवर आबा उभे होते. डोक्याला मुंडासं, हातात काठी. मागे हिरा, अंगावर धुतलेला परकर.

"घर बघायचं हाय मला," आबा म्हणाले. "बघू द्या. मग ठरवू."



पाण्याच्या कडेकडेने ती वाट जाते. करवंदीच्या जाळ्या, मधेच दाट रान आणि वळणावळणाला खाली ते पाणी. सकाळी त्याचा रंग राखाडी होता, उन्हं वर आली तसा हिरवा झाला. हिरा आणि रशीदा पुढे करवंदं खात चालल्या होत्या. माझ्या टाचांना फोड आले, तसे आबा माझ्यासाठी सावकाश चालू लागले. अर्ध्या वाटेवर एका जांभळीखाली टेकलो तेव्हा ते आपणहून बोलले.

"माजी एक लेक व्हती. हिराची आत्या. तिला लई वाटायचं शाळंला जावं. मी म्हनलं, मधी पानी हाय, नगं." त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "मग गवताला मीच धाडली. पल्याड गवत चांगलं म्हनून. होडीतनं."

पुढचं सांगायची गरज नव्हती.

"शाळंला पानी दिसलं मला," ते म्हणाले. "गवताला न्हाई दिसलं."

मी आजवर मुलींच्या शिक्षणावर निबंध तपासले आहेत, वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले आहे. त्या जांभळीखाली ऐकलेल्या वाक्यापुढे मला त्यातलं एकही आठवेना. आबा उठले आणि मला काठी देऊन स्वतः तसेच पुढे झाले.

परसातली चूल

धरणावरून एसटीने पौडला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. पोरी आपल्याकडे ठेवायच्या आहेत, वाडीतलं कुणी घर बघायला येईल, असा निरोप रशीदाने आदल्या संध्याकाळीच वळशाच्या वाटेने अलीकडे येणाऱ्या कुणाकडून तरी पाठवला होता, त्यामुळे अम्माला ठाऊक होतं. तिने आबांना पाणी विचारलं नाही. अंगणात नवी घोंगडी टाकली होती, ती दाखवली आणि म्हणाली, "बसा. आदी घर बघायचं तर घर बघा."

आबांनी घर पाहिलं. बैल घेताना माणूस दात आणि खूर पाहतो तसं पाहिलं. दाराची कडी आतून लावून ओढून बघितली. खिडकीचे गज हलवले. विहिरीचा कठडा किती उंच आहे, ते हिराला शेजारी उभं करून मापलं. मुली झोपतील ती खोली कुठली, घरातली पुरुषमाणसं कुठे झोपतात, सगळं विचारलं. रशीदाचे वडील दुखऱ्या गुडघ्यांनी मागे मागे फिरत प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होते.

"ही पोर झोपंत दचकून उठती," आबा अम्माला म्हणाले. "मग?"

"मग मी उठंन," अम्मा म्हणाली. "रशीदा बी उठायची. लई वर्सं उठलेय मी."

शेवटी सगळे परसात गेलो. तिथे विटांची एक नवी चूल मांडलेली होती. शेजारी कोरा माठ, दोन कोरी मडकी, कोरडी लाकडं. अम्मा म्हणाली, "पोरींची चूल येगळी मांडलीय. पानी त्यांचं त्या भरतील. आमी हिकडं हात लावनार न्हाई. शेजारच्या पाटलीनबाई लक्ष देतील म्हनल्यात."

मला पहिल्या दिवशीचा माझा थांबलेला हात आठवला आणि मान वर करवेना. त्या बाईने रागाचा एक शब्द न काढता, दुसऱ्यांच्या मनात असेल नसेल त्या अडचणीसाठी स्वतःच्या घरात जागा करून ठेवली होती.

आबा त्या चुलीकडे बघत उभे राहिले. मग आत, घरातल्या चुलीकडे पाहिलं. तिथे भाताचं पातेलं रटरटत होतं.

"दोन चुली कशाला पेटवता?" ते म्हणाले. "पोरीला भूक लागली तर हिकडं लाकडं पेटंस्तवर बसंल व्हय ती? हाय त्यातच वाढा."

ते घोंगडीवर जाऊन बसले. "आन् मला पानी द्या जरा. सकाळधरनं चाललोय."

रशीदा आत वळली. पाणी अम्मानेच आणलं. मी रशीदाला पाहिलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. कालच्या पाण्यात, पडवीत, कुठेही तिचे डोळे भरलेले मी पाहिले नव्हते.

नाव

आबा संध्याकाळच्या एसटीने गेले. निघताना त्यांनी हिराच्या डोक्यावर हात ठेवला; ती नाव घालायला मागे राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघण्याआधी आम्ही तिघी पाचवीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. सुट्टी असूनही त्यांनी नोंदवही काढली. हिराने आपलं पूर्ण नाव सांगितलं, एकदा हळू, आणि त्यांनी "काय?" म्हटल्यावर सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. त्यांनी ते लिहिलं. लिहिताना ती टाचा उंचावून बघत होती.

बाहेर आल्यावर रशीदा म्हणाली, "हिरे, तू एकलीच आलीस. बाकीच्या चौघींचं काय करावं, कळंना बघ. त्यांच्या घरी मी चार चार खेपा घातल्या."

हिरा रस्त्यातच थांबली. "रशीदाताई, तुमी सुंदीच्या आईला इचारलं. तिच्या आईचं घरात काय चालत न्हाई. तिच्या आजीला इचारा. आजीला फकस्त मान द्यावा लागतो, आदी पाया पडायचं. आन् कमळीच्या बापाला सकाळच्या पारी गाठायचं, दुपारी तो भांडतो. ताराच्या घरी मी येते तुमच्यासंगं, तिची आई माजं ऐकती."

रशीदाने कमरेला खोचलेली वही काढली आणि तिथेच, पौडच्या रस्त्यावर, उन्हात उकिडवी बसली. माझी एसटी समोरून येत होती. मी हात केला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"सावकाश सांग," ती त्या अकरा वर्षांच्या मुलीला म्हणत होती. "आजीचं नाव काय?"